पुंडलिकभाऊंची हर्राशी

पुंडलिकभाऊ गावंड्यांना कुजबुजता येत नसे. मी थट्टा करत नाही, त्या माणसाच्या गळ्यात ती सोयच नव्हती. "मास्तर, कोनाले सांगू नका बरं," असं म्हणून ते कानाजवळ तोंड आणायचे आणि पुढचं वाक्य समोरच्या किराणा दुकानातल्या गिऱ्हाइकांसकट सगळ्या गल्लीला कळायचं. घरात जेवायला बसले की त्यांची बायको शांताबाई म्हणायच्या, "हळू बोला जी, शेजारचं लेकरू आत्ताच झोपलं." भाऊ म्हणायचे, "मी बोललोच कुठी? वरन वाढ म्हनलं फक्त." तोवर शेजारचं लेकरू भोकाड पसरून बसलेलं असायचं.

दोष गळ्याचा नव्हता, धंद्याचा होता. कारंज्याच्या धान्यबाजारात ते हर्राशी बोलायचे. तुमच्याकडे लिलाव म्हणतात, आमच्याकडे हर्राशी. तुरीच्या ढिगासमोर उभं राहायचं, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि व्यापाऱ्यांच्या घोळक्यातून भाव वर चढवत न्यायचा. "एक वार... दोन वार..." आणि 'तीन वार' म्हणण्याआधी ते असे काही थांबायचे की घेणाराही कासावीस आणि विकणाराही. गळ्याभोवती बारमाही रुमाल. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. दही बंद, चिंच बंद, लग्नात वाढलेला मठ्ठाही बंद. "माहं वावर इथं आहे," म्हणून ते गळ्याला हात लावायचे. खरं वावर, म्हणजे शेत, भाऊबंदकीत गेलं होतं. त्याबद्दल मात्र ते कधी अवाक्षर काढत नसत.

आणि दुसरं वेड फुटबॉलचं. कारंज्यात फुटबॉल म्हटलं की बाहेरच्या माणसाला हसू येतं. हसा खुशाल. वाशीम तेव्हा जिल्हाही झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो, पण संक्रांत झाली की कारंज्यात ढालीचे सामने भरायचे आणि अमरावती, यवतमाळ, कामठीहून संघ यायचे. जिनिंगमधले हमाल, अडते, जैन शेठजी, मोमीनपुऱ्यातली पोरं, सगळे मैदानाच्या कडेला. पुंडलिकभाऊंनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. त्यांना ऑफसाइड शेवटपर्यंत कळली नाही. "हापसाईड म्हनजे काही नाई मास्तर, घरून भांडून आलेला रेफ्री," अशी त्यांची व्याख्या होती. पण त्यांच्याशिवाय सामना सुरू होत नसे.

कारण आमच्या गावाची एक रीत होती. ती कोणी पाडली ठाऊक नाही, चालवली मात्र भाऊंनीच. पाहुण्या खेळाडूंना उतरायला धर्मशाळा होती, पण जेवायची सोय गावावर. म्हणून सामन्याआधी पाहुणा संघ एका रांगेत उभा करायचा आणि भाऊंनी एकेका खेळाडूची हर्राशी बोलायची. बोली पैशात नाही, जेवणात. "हा पाहा अमरावतीचा बॅक! दात पाहा, पिंडऱ्या पाहा! मागच्या वर्षी आपल्या तीन पोट्ट्यांच्या तंगड्या मोडल्या यानं. बोला, कोन खाऊ घालते या राक्षसाले?" मग गर्दीतून आवाज यायचे: "भाकर अन् ठेचा!" "वांग्याचं भरीत!" "भरीत अन् वरून दही!" ज्याची बोली चढी, त्याच्या घरी तो खेळाडू त्या संध्याकाळी जेवायला. मग सामन्यात त्याच खेळाडूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सगळे मोकळे. शिव्या मैदानात, जेवण घरी. पाहुण्यांनाही त्याची इतकी गोडी लागली होती की कुणावर पुरणपोळीची बोली लागली आणि कुणावर नुसत्या झुणक्याची, यावरून त्यांच्यात वर्षभर चिडवाचिडवी चाले.

मी इंझोरीचा. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. शाळेत मास्तर म्हणून कारंज्यात लागलो ते पहिलंच वर्ष होतं, आणि उत्साहाच्या भरात मीही हात वर करून ओरडलो, "भाकर, झुणका अन् अंड्यांचा रस्सा!" समोर यवतमाळचा एक गोरागोमटा ब्राह्मण पोरगा उभा होता. माझ्या आजूबाजूची माणसं एकदम आपापल्या चपला न्याहाळायला लागली. मला कळलं काय झालं ते. न कळायला मी काही चंद्रावरून आलो नव्हतो. एवढ्यात भाऊंनी, जे तिसऱ्या वाराआधी माणसाचा जीव टांगणीला लावायचे त्या भाऊंनी, एका दमात "एक वार दोन वार तीन वार, मास्तराचा!" करून टाकलं. कुणाला जांभई द्यायलाही फुरसत मिळाली नाही. वर मलाच दम: "घेऊन जा तुमचा माल. अन् रस्सा पातळ करू नका." संध्याकाळी रस्सा कसा झाला ते पाहायला म्हणून स्वतः आले आणि त्या पोराच्या शेजारी मांडी घालून जेवले. पोरानं तीनदा रस्सा मागितला. भाऊ म्हणाले, "बोली म्हनजे बोली. तोंडातून गेली का मंग मागं फिरनं नाई."

मी त्या दिवसापासून त्यांचा झालो. अजूनही आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझा जीव वरखाली होतो.

आमचा गोलकीपर यासीन. पिंजारी होता, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गाद्यांचं दुकान. माणूस बुटका, अंगावर सदा कापसाचे तंतू, आणि डाव्या डोळ्यानं अधू. आता एका डोळ्यानं अधू माणूस गोलकीपर कसा, असं विचाराल. तर त्याचा डावा डोळा म्हणजे पुंडलिकभाऊ. सामना सुरू झाला की भाऊ यासीनच्या गोलामागे जाऊन उभे राहायचे आणि तिथून हर्राशीच्या आवाजात, "डाव्या आंगाले, यासीन! आला, आला, खाली पड!" यासीन न बघता झेप घ्यायचा. दोघं लहानपणापासूनचे सोबती. एकमेकांना बे शिवाय बोलत नसत. भाऊंची थोरली जी गादी घेऊन सासरी गेली ती यासीननं भरलेली, आणि यासीनच्या बापाच्या मयतीला खांदा दिलेल्यांत भाऊ होते. भाऊंची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. ढाल एकदा, फक्त एकदा, कारंज्यात राहावी, आणि ती यासीनच्या हातात दिसावी. दरवर्षी आम्ही उपांत्य सामन्यात हरत होतो.

बांगलादेशच्या लढाईला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा गावात एक मंडळ निघालं. नाव सांगत नाही, लक्षात ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं. म्होरक्या सुरेंद्र, वकिलाचा पोरगा, अकोल्यात शिकून आलेला. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. त्यानं संघाला बूट दिले, भगव्या जर्स्या शिवून दिल्या, आणि भाऊंसाठी कर्णा आणला. भाऊ त्या कर्ण्याला हात लावून बघत होते तो चेहरा मी पाहिलाय. त्या माणसाचं गावानं ऐकलं खूप होतं, पण मान असा कुणी दिला नव्हता. सुरेंद्रनं पहिल्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा आवाज म्हणजे धर्माचा आवाज आहे. नुसता ज्वारीत वाया चाललाय."

मागणं बारीकच होतं. सामन्यात भाऊ 'कारंजा, कारंजा' अशी आरोळी द्यायचे, त्याऐवजी देवाचं नाव घ्या. भाऊंनी घेतलं. आणि समोरून पाचशे पोट्ट्यांनी एका तालात जो प्रतिसाद दिला, अरे बाप रे! माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. घरी परतताना भाऊंचे डोळे लकाकत होते. "मास्तर, आयकलं का? एका हाकेत! बाजारात शंभर वेळा बोंबललो तरी शेठ मान हलवत नाई, अन् इथं पुरं मैदान उठून राह्यलं." मी म्हटलं, "देवाचं नाव चांगलंच आहे भाऊ. पण यासीन गोलात उभा असताना त्याच्या पाठीवर ते कायले?" भाऊ हसले. "यासीन? अरे, थो आपलाच आहे."

यासीन भगवी जर्सी घालून गोलात उभा राहिला. एकदा मला दुकानात म्हणाला, "कपड्याचा रंग काय बा, कापूस तं पांढराच असते." एवढंच.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर कामठी. कामठीचा संघ म्हणजे नुसते वारे, आणि त्यात डाव्या बाजूनं पळणारा जब्बार नावाचा पोरगा होता, काडीसारखा, पण चेंडू पायाला शिवून घेतल्यासारखा. सगळं गाव मैदानावर. माझी बायको कमलसुद्धा घरी चूल पेटवून बसली होती, कारण कुणीतरी जेवायला येणारच. भाऊंनी कर्णा उचलला, हर्राशी सुरू झाली. पहिला गेला खिचडी-कढीवर, दुसरा मटणावर, तिसऱ्यावर मी वांग्याची भाजी लावली आणि हरलो. हशा पिकत होता, सगळं नेहमीसारखं. मग जब्बार पुढे आला.

"हा पाहा कामठीचा वारा! याले धरायले जाळं लागते! बोला, याले कोन नेते?"

सुरेंद्रची पोरं एका बाजूला गठ्ठ्यानं उभी होती. तिथून एकच आरोळी आली, ठरवून ठेवलेली असावी अशी: "पाकिस्तान!"

मैदान क्षणभर गप्प झालं. मग हसलं. आणि भाऊही हसले. मोठ्यानं हसले, हळू त्यांना काही यायचंच नाही. कर्णा तोंडाशीच होता. आणि बोली आली की ती पक्की करायची, तीस वर्षांची सवय, "एक वार, दोन वार, तीन वार! पाकिस्तान!" सगळं मैदान त्यांच्यासोबत वार मोजत होतं.

जब्बारचा चेहरा मला आठवतो. तो हसत होता. आधीच्यांचं बघून त्याला वाटलं होतं की हा गंमतीचा भाग आहे, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कसं ते त्याला कळेना. त्यांच्या कप्तानानं रांग मोडली आणि पोरांना घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. हर्राशी तिथंच संपली.

मी यासीनकडे बघितलं. तो गोलात उभा होता, भगव्या जर्सीत. त्यानं बाहीला चिकटलेला कापूस ओढून काढला, दोन बोळे केले आणि कानात घातले. भाऊ नेहमीसारखे मागे जाऊन उभे राहिले. "डाव्या आंगाले, यासीन! डाव्या आंगाले!" यासीननं मान वळवली नाही. सबंध सामना तो स्वतःच चेंडू शोधत होता, मान गर्रकन वाकडी करून उजव्या डोळ्यानं. लोकांना वाटलं याला आज भूत लागलंय. आम्ही एका गोलानं पुढे होतो आणि शेवटी शेवटी जब्बार एकटा सुटून आला. यासीननं त्याच्या पायात उडी घातली, चेंडू छातीशी धरला आणि तसाच पडून राहिला. शिटी वाजली. ढाल आमची.

मिरवणुकीत ढाल सुरेंद्रच्या हातात होती. यासीन जर्सी काढून, नीट घडी करून, पंचांच्या टेबलावर ठेवून घरी गेला होता. आणि कामठीचा संघ कुणाच्याही घरी गेला नाही. न जेवता ट्रकमध्ये बसून निघून गेला. गावच्या सामन्यांत हे असं पहिल्यांदा झालं. बोली लावलेल्या घरांत त्या संध्याकाळी पातेली झाकून ठेवलेली होती. आमच्याकडे कमलनं विचारलं, "कोनीच नाई आलं?" मी म्हटलं, "नाई." तिनं भाजी शेजारी वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंशी भांडलो. माझा स्वभाव तापट, आणि रागात माणूस मोठा की लहान ते मला दिसत नाही. ते म्हणत होते, "मास्तर, बोली आली, आपोआप तोंडातून गेलं. आपन तं सगळ्याइचीच टिंगल करतो." मी म्हटलं, "आपोआप? गळा तुमचाच होता ना भाऊ? यवतमाळचा पोरगा माझ्या घरी जेवला त्या दिवशी आपोआप नव्हतं झालं. तेव्हा तुम्ही जाणूनबुजून केलं होतं." त्यांनी ज्येष्ठमधाची काडी तोंडातून काढली आणि परत घातली.

त्यांनी मंडळात जाणं बंद केलं नाही, लगेच तरी नाही. हारतुरे गोड लागतात. त्यांचा फोटो मंडळाच्या कचेरीत लागला, ढालीच्या शेजारी. मग एक दिवस बाजाराची सुट्टी होती आणि भाऊ उशीचा कापूस पिंजून घ्यावा या निमित्तानं यासीनच्या गल्लीत शिरले. मी सोबत होतो. दुकानासमोर मंडळाची चार-पाच पोरं सायकली आडव्या लावून उभी. आत यासीन कापूस पिंजायची धनुकली चालवत बसलेला, आणि बाहेर ही पोरं तालात, "यासीनचाचा, बोला! एक वार! दोन वार!" आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. थांबणंसुद्धा हुबेहूब भाऊंचं. तिसऱ्या वाराआधीचं ते थांबणं, जे त्यांनी तीस वर्षं कमावलं होतं.

भाऊ धावून गेले. एकाची गचांडी धरली. पोरगं हसतच होतं. "काय भाऊ, तुमचंच तं शिकलो!"

त्या दिवशी भाऊ मंडळाच्या कचेरीत गेले, कर्णा टेबलावर आपटला आणि स्वतःचा फोटो भिंतीवरून काढून घेऊन आले. सुरेंद्र म्हणाला म्हणे, "भाऊ, तुम्ही नाही तर दुसरा. घोषणा तर पोरांना पाठच आहेत." ते खरं होतं. त्यानंतर बाजारात भाऊंची हर्राशी चाले, पण ढिगासमोर उभे राहिले की आधी इकडे तिकडे बघायचे, कोण काय ओरडतंय म्हणून. कुणीतरी टारगट व्यापारी कधीतरी ओरडायचाच.

यासीननं फुटबॉल सोडला. पुढच्या वर्षी गोलात कुणी उभं राहायचं यावर गावात चर्चा झाली, भाऊ त्या चर्चेलाही गेले नाहीत. ते यासीनच्या दुकानात जात राहिले. यासीन चहा मागवायचा, गादीचं माप विचारायचा, बोलायचा काही नाही. शेवटी तीन-चार वर्षांनी एका दुपारी भाऊ म्हणाले, "चुकलं बे माहं. माफ कर."

यासीननं धनुकली खाली ठेवली. "मले कायले माफी मागतं? बोली काय माही लावली होती तू? ज्याची लावली त्याले माग. थो माफ करते म्हनला तं ये. मंग पाहू."

म्हणून आम्ही कामठीला गेलो. एकट्यानं जायची भाऊंची छाती नव्हती. शांताबाईंनी डबा दिला होता, पुरणपोळ्या, वांग्याची भाजी आणि तुपाची वाटी. त्या दिवशी खाऊ घालायचं राहिलं ते आता खाऊ घालू, असा भोळा हिशेब. अमरावतीहून नागपूर, नागपूरहून कामठी, यष्टीत भाऊ डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. वाटेत माझ्यासमोर सारखी तालीम. "बेटा, मैं कारंजावाला... नाई, आधी सलाम करू का नमस्कार?"

जब्बार सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता. चांगला दांडगा झाला होता. भाऊंनी हात जोडले आणि जे पाठ केलं होतं ते सगळं विसरून मराठी-हिंदीची खिचडी करत सांगून टाकलं. मैदान, रांग, बोली, सगळं. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना, तो मी सांगितला.

जब्बार ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत होता. "कारंजा," तो म्हणाला. "कारंजा... वो जहाँ मैदान के बाजू में मेला लगता है?"

"नाई बेटा, ते दुसरं."

"अच्छा." त्यानं डोकं खाजवलं. "चाचा, बुरा मत मानो. मेरे को याद नहीं. ये तो अब जिधर जाओ उधर बोलते हैं. शहर शहर में. किस किस का याद रखूँ?" भाऊंचा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "चलो, माफ किया. दिल पे मत लो. चाय पियोगे?" आणि त्यानं पोळी खाल्ली, छान आहे म्हणाला, उरलेल्या घरी पोरीसाठी बांधून घेतल्या. चांगला माणूस होता.

परतताना अमरावतीपर्यंत भाऊ डबा मांडीवरच धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, "मास्तर, मले वाटे आपलंच गाव नासलं. मीच एकटा नासवलं." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

माझी बदली मेडशीला झाली होती. सामान बांधून मी निरोप घ्यायला बाजारात गेलो तर भाऊ यासीनच्या दुकानाकडे निघालेले. मीही गेलो. यासीन आत, भाऊ बाहेर पायरीवर टेकले.

यासीननं विचारलं, "भेटला?"

"भेटला."

"काय म्हनला?"

"माफ केलं म्हनला." एवढ्यावर थांबता आलं असतं. मला वाटत होतं, थांबा भाऊ, पुरे झालं, यासीन माफीच्या दारापर्यंत आलाय तुमच्यासाठी. पण ते थांबले नाहीत. "पन यासीन, त्याले आठोतच नाई. म्हने, सगळीकडेच असं बोलतात."

यासीननं हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाला, "मले आठोते."

आणि त्यानं धनुकली उचलली. कापूस उडायला लागला. माझ्या गाडीची वेळ झाली होती, मी दोघांनाही नमस्कार केला, यासीननं मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी येऊन मी मागे पाहिलं. भाऊ पायरीवर तसेच बसले होते. यासीन त्यांना ऊठ म्हणाला नव्हता, आत ये असंही म्हणाला नव्हता.